मिस डेल्फीच्या नावावरची सात वर्षं

आमच्या खोऱ्यात पन्नाशीच्या आतला असा माणूस सापडणार नाही ज्याने डेल्फिया स्टिडमच्या हातचं खाल्लेलं नाही. एकतीस वर्षं ती शाळेच्या खाणावळीत होती. जेवणाचे पैसे विसरलेल्या पोराची ताटली ती आधी भरायची आणि मग त्याला झापायची. झापणं सगळ्या रांगेला ऐकू जायचं, पण पैसे तिनेच भरले हे कुणाला कळायचं नाही. मी त्या रांगेत पुष्कळ वेळा झापून घेतलेलं आहे. आम्ही सगळे तिला मिस डेल्फी म्हणतो. तिचा नवरा होबर्टही म्हणतो, पण तो चिडवायला.

मी ट्रेसा. गावातल्या बँकेत कर्जाच्या टेबलावर एकोणीस वर्षं बसते. लोकांची पत म्हणजे काय, ती कशाने जाते, किती दिवसांनी परत येते, हे मला तोंडपाठ आहे आणि त्याचा मला गर्वही होता. होता म्हणते, कारण मिस डेल्फीच्या बाबतीत तो गर्वच नडला. चूक तिची, असं गावात बोलतात. अर्धी माझी आहे, आणि ती कुणी बोलत नाही म्हणून मीच लिहून ठेवते.

त्यांचं घर ओढ्याकाठी, बर्ल आयसनच्या शेताच्या टोकाला. चौऱ्याण्णव साली कारखान्यात तयार झालेल्या घराची दोन अर्धी दोन ट्रकांवरून येऊन तिथे जोडली गेली, तेव्हापासून ते तिथेच आहे. पुढचा ओटा होबर्टने बांधला, मागे घेवड्याचे वेल चढवले. घर त्यांचं, पण खालची जमीन बर्लची. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मिस डेल्फी भाडं बर्लच्या हातात ठेवायची, बर्ल ते न मोजता खिशात घालायचा. तीस वर्षांत कागदाचा चिटोरा झाला नाही. घराखालची लोखंडी चौकट गंजून गेलेली होती. ते घर पुन्हा उचललं तर मधोमध मोडेल, हे होबर्ट स्वतःच सांगायचा. म्हणजे ती जमीन गेली तर घरही गेलं, इतका साधा हिशेब होता.

दोन वर्षांमागच्या ऑक्टोबरात होबर्टच्या छातीत कळ आली. जन्मभर कोळशाचा ट्रक चालवलेला माणूस, फुप्फुसं आधीच निम्मी, त्यात आता हृदय. डोंगरापलीकडच्या हॉस्पिटलात नऊ दिवस काढले. विम्याने विम्याचं दिलं आणि चार हजार एकशे तीस डॉलर मिस डेल्फीच्या डोक्यावर ठेवले. हॉस्पिटलात गरिबांसाठी बिलमाफीचा अर्ज असतो. तो तिला कुणी दाखवला नाही, आणि दाखवला असता तरी तिने भरला नसता.

आमच्याकडे अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं आहे. पेट्रोल पंपाच्या गल्ल्याशेजारी लोणच्याची रिकामी बरणी ठेवतात, तिच्यावर आजाऱ्याचा फोटो चिकटवतात, आणि सुटे पैसे देताना लोक त्यात नोट टाकतात. मग एका शनिवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जेवण. शिजवलेला घेवडा, मक्याचा पाव, केकचा लिलाव, एखाद्या बंदुकीची सोडत. मिस डेल्फीचा वाळल्या सफरचंदांचा थरांचा केक नाही असं जेवण मला आठवत नाही. एकदा तो चारशे डॉलरला गेला होता. तिच्या केकांवर किती जणांची ऑपरेशनं झाली असतील याची गणती नाही.

पण स्वतःचा फोटो बरणीवर म्हटलं की तिचं तोंड बंद व्हायचं. मी कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पोरी, एकदा का बरणीवर गेलीस, की दुकानात लोक तुझ्या टोपलीत डोकावतात. ही कुठलं लोणी घेते, साधं की महागाचं. मीही डोकावलेय लोकांच्या. मला ठाऊक आहे ना."

हे ती खरं बोलली. आमची माणसं देतात सढळ हाताने, पण दिल्यावर वर्षभर नजर ठेवतात. होबर्टला मात्र त्याचं काही वाटत नव्हतं. त्याचं म्हणणं, तीस वर्षं दिलंस तेव्हा गोड लागलं, आता घ्यायला काय काटे टोचतात? "फोटो माझा लाव हवं तर," तो म्हणायचा. "तुझा लावला तर लोक भिऊन बरणीतलेच काढून देतील." ती त्याच्या अंगावर फडकं फेकायची आणि विषय तिथे संपायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिचं धोरण होतं.

वसंतात बिल वसुलीवाल्यांकडे गेलं आणि फोन सुरू झाले. रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, एक दिवस न चुकता. आवाज गोड, कधी बाईचा, कधी बाप्याचा, कुणी शिवी देत नव्हतं. "डेल्फिया, आज आपण काय करू शकतो?" एवढंच विचारायचे. तिला पैशांपेक्षा ते 'डेल्फिया' जास्त लागायचं. साठीच्या बाईला काल जन्मलेलं पोर नुसत्या नावाने हाक मारतं, मागेपुढे मिस नाही की काही नाही. होबर्ट त्या वेळी ओट्यावर जाऊन बसायचा. पुढे पुढे आठच्या सुमारास फोन वाजायच्या आधीच तिची कॉफी बशीत सांडायची. मी एकदा सकाळी तिच्याकडे अंडी घ्यायला गेले होते, तेव्हा पाहिलं. फोन वाजला, ती उठली नाही, मीही उठले नाही. दोघी तो थांबेपर्यंत बसून राहिलो.

जूनमध्ये ती बँकेत माझ्या टेबलाशी आली. बसली नाही, उभ्या उभ्याच विचारलं, जणू दुसऱ्या कुणासाठी विचारतेय.

"ट्रेसा, हॉस्पिटलचं देणं वसुलीत गेलं, की नाव खराब होतं ना?"

मी म्हटलं, "लगेच नाही. वर्षभर ते क्रेडिट रिपोर्टवर येतच नाही. आणि आलं तरी ज्या दिवशी फिटतं त्या दिवशी निघून जातं. पूर्ण. मागे डागसुद्धा राहत नाही. हॉस्पिटलच्या देण्यापुरता तसा नियम आहे."

"फिटलं की गेलं?"

"फिटलं की गेलं, मिस डेल्फी."

तिने मान हलवली आणि गेली. फेडणार कशातून, हे मी विचारलं नाही. माझ्यासमोर आणखी दोघं थांबलेले होते, आणि उत्तर इतकं चोख दिल्यावर आणखी काही विचारावं असं मला वाटलंही नाही.

त्याच आठवड्यात होबर्टला तपासायला ती हॉस्पिटलात गेली. बिलांच्या खिडकीतल्या बाईने तिची फाईल पाहिली आणि एक कार्ड पुढे केलं. औषधपाण्यासाठीचं क्रेडिट कार्ड. आज सही केली तर बिल आजच चुकतं, वसुलीवाल्यांकडून प्रकरण परत मागवते, फोन बंद, अठरा महिने व्याज नाही. महिन्याला सत्तर डॉलर भरा म्हणजे झालं. भीक नको पण कुत्रं आवर, अशी मिस डेल्फीची अवस्था झालेली. माझं वाक्य तिच्या कानात ताजं होतं. फिटलं की गेलं. तिने सही केली.

तिने काय केलं ते आता सांगते, कारण तिला ते कळायला नऊ महिने लागले. हॉस्पिटलचं देणं हे आजाऱ्याचं देणं. कायदा म्हणा, नियम म्हणा, त्याला थोडी दयामाया आहे. वर्षाची सवलत आहे, फेडल्यावर पाटी कोरी आहे. कार्डाचं देणं हे नुसतं देणं. त्यावर तुम्ही नवऱ्याचा जीव वाचवला की नवा टीव्ही आणला, हे कुणी विचारत नाही. एक हप्ता महिनाभर चुकला तर त्याची नोंद सात वर्षं राहते, मग तुम्ही उद्या सगळं फेडा की परवा. ती आगीतून निघाली ती फुफाट्यात उतरली, आणि उतरताना तिला गार वाटलं.

गार वाटलं हे खरंच. दुसऱ्या दिवसापासून फोन बंद झाला. त्या उन्हाळ्यात ती दहा वर्षांनी लहान दिसायची. एक केक माझ्यासाठी बँकेत घेऊन आली, कशाबद्दल ते सांगितलं नाही. कार्डाचं तिने होबर्टलाही धड सांगितलं नव्हतं. हॉस्पिटलचं मिटवलं, एवढंच म्हणाली. मी तो केक खाल्ला आणि बशी धुऊन परत दिली.

सप्टेंबरात बर्ल आयसन गेला. शहरातून त्याचे दोन मुलगे आले, बापाला पुरून गेले, आणि नोव्हेंबरात त्यांचं पत्र आलं. सगळं शेत विकायचं आहे. डोंगरात गाड्या उडवायला येणाऱ्या हौशी लोकांसाठी लाकडी खोल्या बांधणारी एक कंपनी घ्यायला तयार आहे. पण बाबांचा शब्द म्हणून स्टिडमना पहिली संधी. त्यांच्या घराखालचा तुकडा बावीस हजारांना, एक मेपर्यंत. नाहीतर जागा मोकळी करून द्यावी.

ती पत्र घेऊन माझ्याकडे आली. या वेळी बसली. होबर्टला अजून वाचून दाखवलं नव्हतं. तो म्हणत असतो की मी या ओट्यावरूनच जाणार, आणि डॉक्टरांच्या बोलण्यावरून ते जाणं फार लांब नव्हतं. तिला हवं होतं ते एवढंच, की ओटा त्याच्याआधी जाऊ नये.

जमिनीचे कागद कोर्टातून मोकळे व्हायला मार्च उजाडणार होता, त्याआधी अर्ज करता येत नव्हता. मी म्हटलं, कागद येऊ देत, मग बघू. तिने विचारलं, माझं नाव स्वच्छ आहे ना? हॉस्पिटलचं तर फिटलंय. मी म्हटलं, मग काळजी कसली. मी तिचा रिपोर्ट उघडून पाहिला नाही. तसा उगाच उघडला की क्रेडिट स्कोअरचे दोनचार गुण कमी होतात, ते वाचवावेत असा मी विचार केला. दोनचार गुण वाचवले मी.

जानेवारीच्या चार तारखेला होबर्टला न्यूमोनिया झाला. या वेळी डोंगरापलीकडच्या हॉस्पिटलने हात वर केले आणि त्याला लेक्सिंग्टनच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. आठ आठवडे. मिस डेल्फी त्याच्या खाटेशेजारच्या खुर्चीत झोपली. शाळेतून बिनपगारी रजा. ती कार्डाचा हप्ता दर महिन्याला टपालाने पाठवायची, पाकिटात चेक घालून, वर तिकीट लावून, तिला दुसरी रीत ठाऊक नव्हती. ती रीत चालवायला माणूस घरी लागतो. जानेवारीचा हप्ता गेला नाही, फेब्रुवारीचा गेला नाही. रस्त्याकडेची त्यांची टपालपेटी इतकी भरली की टपालवाल्याने उरलेली पाकिटं पिशवीत घालून दाराच्या कडीला अडकवली. मी त्या रस्त्याने रोज जाते. ती पिशवी मी पाहिली होती, वाऱ्याने हलत असलेली. आत कॅटलॉगं असतील असं मला वाटलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती दोघं परतली, होबर्टच्या नाकात ऑक्सिजनची नळी. तिने ती पिशवी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओतली. दोन हप्ते चुकल्यामुळे बिनव्याजी सवलत रद्द झाली होती, पहिल्या दिवसापासूनचं व्याज चढलं होतं. सगळं मिळून साडेचार हजार. मूळ बिलापेक्षा जास्त. सहा महिने हप्ते भरून.

त्या दिवशी ती माझ्याकडे आली असती तर? काही झालं नसतं, नोंद झालेली होती. पण ती आली नाही. तिच्याजवळ माझं वाक्य होतं ना. फिटलं की गेलं. तर मग फेडायचं, पुरतं फेडायचं, आणि एप्रिलच्या आत. एवढे पैसे कुठून येतात हे तिला गावात सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. ती कोट घालून अग्निशमन दलाच्या रॉन्डलकडे गेली आणि म्हणाली, माझा फोटो लाव.

रॉन्डलने मला नंतर सांगितलं, की तिने फोटो स्वतःच आणला होता, शाळेच्या ओळखपत्राचा. त्याच्याकडे बघत नव्हती. तो तिच्या हातचं खाऊन वाढलेला, सहा फुटी गडी, त्यानेही म्हणे न बघताच तो घेतला.

बरणी दोनदा भरली. जेवणाला तर दुसऱ्या खोऱ्यातूनही माणसं आली. स्वतःच्या जेवणाला स्वतः केक करू नये असा काही नियम नाही, तिने तीन केले. ती दाराशी उभी राहून प्रत्येकाचा हात हातात घेत होती आणि मानेपर्यंत लाल झाली होती. होबर्ट चाकाच्या खुर्चीत बसून सोडतीचे आकडे ओरडत होता. मी दोन ताटं घेतली. मला वाटलं, हे लेक्सिंग्टनच्या बिलांसाठी. चार हजार सातशे साठ डॉलर जमले. सोमवारी सकाळी तिने कार्ड पूर्ण फेडलं आणि मंगळवारी पावती घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"आता उघड," ती म्हणाली. "कागद पण आलेत."

मी रिपोर्ट उघडला. हॉस्पिटलचं नाव कुठेच नव्हतं. कार्ड होतं. बाकी शून्य, आणि त्याच्या खाली तीस दिवस उशीर, साठ दिवस उशीर. मला एका क्षणात सगळं कळलं, जूनपासूनचं, केकसकट.

तिने विचारलं, "गेलं ना?"

मी तिला सांगितलं. जितकं हळू सांगता येईल तितकं सांगितलं. ती ऐकत होती, पावती हातात सरळ करत होती. मी म्हटलं तरी अर्ज करू या, मी चार ओळी वर लिहिते, ही कोण आहे ते. आमची बँक पूर्वी गावचीच होती. म्हातारा मालक खिडकीतून बघून म्हणायचा, डेल्फी का, देऊन टाक. आता तिला दूरच्या शहरातल्या मोठ्या बँकेने घेतलंय. तिथलं यंत्र चार ओळी वाचत नाही. चार मिनिटांत नकार आला. शहरात माझ्या ओळखीच्या एका साहेबाला मी फोन केला, त्याने मला माझंच काम समजावून सांगितलं.

नदीकाठच्या म्हाताऱ्यांच्या वसाहतीत खोली मिळेल का म्हणून तिने विचारलं. तेही हाच रिपोर्ट मागवतात. दुसरीकडे भाड्याने एक घर होतं, त्यांनीही तोच मागितला. ती जाईल तिथे तो कागद तिच्याआधी पोचलेला असायचा. शेवटी ओहायोतल्या डेटनला तिची बहीण आहे, तिच्या तळघरात दोन खोल्या आहेत, तिथे जायचं ठरलं. होबर्टला तिने एवढंच सांगितलं, की डेटनला डॉक्टर चांगले आहेत.

एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी होबर्ट एकटाच बँकेत आला. रॉन्डलने त्याला दारात सोडलं होतं. कार्डाचं आणि नकाराचं सगळं त्याला आता कळलेलं होतं. ऑक्सिजनचं नळकांडं ओढत तो माझ्या टेबलापर्यंत आला आणि खुर्चीत बसला. मग म्हणाला, "एक सांग. खरं सांग. तिने ते कार्ड घेतलं नसतं, बिल तसंच पडू दिलं असतं, फोन वाजू दिले असते, आणि मार्चमध्ये बरणीच्या पैशांनी फेडलं असतं, तर?"

मी म्हटलं, "तर रिपोर्टवर काहीच नसतं. जमीन मिळाली असती."

"आणि आधीच्या वर्षीच बरणी लावली असती तर?"

"तरी मिळाली असती."

त्याने मान हलवली. मला वाटलं तो आता बोलेल, 'मी म्हणत होतो ना.' त्याचा हक्कच होता. तो म्हणाला, "हे तिला कळता कामा नये. तिने विचारलं तर तू नाही म्हणायचंस. मी फार दिवस नाही, मागे तिने हे उराशी घेऊन बसायचं का?"

एक मेच्या आदल्या दिवशी मी गेले. रॉन्डल आणि दोघे जण ट्रकवर सामान बांधत होते. रिकाम्या घराची दारं उघडी होती, आत पडदे काढलेल्या खिडक्या. शेताच्या पलीकडच्या टोकाला कंपनीचं पिवळं यंत्र येऊन उभं राहिलं होतं. होबर्टला पुढच्या सीटवर बसवलं होतं, काच खाली केलेली, नजर समोर रस्त्याकडे. मिस डेल्फीने मला दाराशी धरलं आणि आवाज खाली आणला, पण होबर्टला ऐकू जाणार नाही इतकाही नाही.

"ट्रेसा, तू हुशार आहेस, मला नीट सांग. मी तेव्हाच गावापुढे हात पसरला असता, होबर्ट म्हणत होता तसा, तर हे घर राहिलं असतं का?"

एकोणीस वर्षांत मी त्या टेबलावर कुणाला खोटं सांगितलेलं नाही. मी म्हटलं, "नाही, मिस डेल्फी. काही फरक पडला नसता. तेव्हाही त्यांनी नाहीच म्हटलं असतं."

तिने माझ्याकडे बघून घेतलं. खांदे खाली आले. मग ती वळली आणि खिडकीतून नवऱ्याला म्हणाली, "ऐकलंस? आणि दोन वर्षं माझं डोकं खाल्लंस. उगाच बोलायचास."

होबर्टने तिच्याकडे तोंड फिरवलं, नळी नीट केली, आणि म्हणाला, "हो गं. मी उगाच बोलायचो."